कळ सोसणे

'जरा कळ सोसा' असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. बस सुटावयाची असो, कचेरीतून कागद हलावयाचा असो, किंवा पाऊस पडावयाचा असो, मराठवाड्यातील मनुष्यास हे एक वाक्य जन्मभर पुरते. कळ म्हणजे वेदना आणि कळ सोसणे म्हणजे धीर धरणे, असे दोन अर्थ आमच्या भाषेने एकाच शब्दात का बांधले, याचा उलगडा करण्यास कोश उघडण्याची गरज नाही. बाळंतिणीच्या खोलीत हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी बसतात. तेथे एकीला कळा येत असतात आणि बाकीच्यांना कळ सोसावी लागते. पैकी पहिले काम अजून तिच्याकडेच आहे. दुसरे काम करणारी माणसे मात्र दिवसेंदिवस कमी होत चालली आहेत, असे आम्हांस वाटू लागले आहे. आणि पोट चिरून होणाऱ्या बाळंतपणांची जी चर्चा आज घरोघर चालते तिचे मूळ आमच्या मते येथेच कोठेतरी आहे.

आमच्या लहानपणी नांदेडास किंवा लातुरास कोणाच्या घरी बाळंतपण झाल्याचा निरोप आला म्हणजे पहिला प्रश्न 'मुलगा की मुलगी?' हा असे. तो प्रश्न फारसा उदात्त होता असे म्हणवत नाही. हल्ली त्याच्याही आधी दुसराच प्रश्न येतो : 'नॉर्मल की सिझर?' 'सिझर' असे उत्तर आले तर कोणी दचकत नाही. उलट 'नॉर्मल' असे उत्तर आले की 'अरे वा! नॉर्मल झाली!' म्हणून आनंदमिश्रित आश्चर्य व्यक्त होते. ज्या गोष्टीचे नावच 'साधारण' असे आहे ती घडल्याबद्दल अभिनंदन करण्याची पाळी यावी, हा शब्दाचा उपहास आहे खरा; पण आकडे पाहिले म्हणजे लोकांच्या आश्चर्यास आधार आहे हेही दिसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ साली हिंदुस्थानात शंभर बाळंतपणांपैकी साधारण साडेआठ शस्त्रक्रियेने होत. २०१५-१६ साली हा आकडा १७.२ झाला आणि २०१९-२१ च्या पाहणीत २१.५. आपल्या महाराष्ट्रात याच शेवटच्या दोन पाहण्यांत तो २०.१ वरून २५.४ वर गेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली असे म्हटले होते की, कोणत्याही प्रदेशात शेकडा दहा ते पंधरांच्या वर हे प्रमाण जाण्यास सबळ कारण दिसत नाही. २०१५ साली तिने पुन्हा सांगितले की, प्रमाण दहापर्यंत वाढते तोवर माता व अर्भके यांचे मृत्यू कमी होत जातात. त्यापुढे ते वाढले तरी मृत्यू आणखी घटल्याचा पुरावा मिळत नाही. म्हणजे दहापर्यंत सुरी जीव वाचविते, हे सर्वांस मान्य आहे. दहाच्या पुढे ती कोणते काम करिते, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी सुरीचा मान सुरीस दिला पाहिजे. जुन्या काळाचे गोडवे गाणारे जे लोक 'आमच्या आज्या शेतात बाळंत होत आणि संध्याकाळी भाकऱ्या थापीत' असे सांगतात, ते ज्या आज्या संध्याकाळ पाहू शकल्या नाहीत त्यांची गणना करीत नाहीत. सुश्रुताने मूढगर्भाचा विचार करताना, आई अकस्मात मरण पावली आणि उदरात गर्भाचे स्फुरण दिसत असेल तर उदर चिरून मूल काढावे, असे सांगून ठेविले आहे. बिंदुसाराच्या जन्माची आख्यायिकाही हीच. रोमन कायद्यातही मृत गर्भिणीस मूल काढल्यावाचून पुरण्यास बंदी होती. या शस्त्रक्रियेस सीझरचे नाव चिकटले आहे. पण त्याची आई ऑरेलिया तो मोठा होईपर्यंत हयात होती, तेव्हा ती कथा खरी धरण्यास जागा नाही. तात्पर्य, हजारो वर्षे हा उपाय आई गेल्यानंतरचा होता. १८८२ साली लाइपत्सिग येथील माक्स झेंगर यांनी गर्भाशय नीट शिवण्याची पद्धत घालून दिली, आणि तेव्हापासून आईही वाचू लागली. त्यानंतर चार वर्षांनी, १८८६ साली, आमच्या आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंचे प्राचीन प्रसूतिशास्त्र हाच होता. त्यांचे स्वतःचे एकुलते मूल जन्मानंतर दहा दिवसांत गेले होते. ज्या स्त्रीने वैद्यक शिकण्यासाठी समुद्र ओलांडला तिच्यामागे हे दुःख उभे होते, हे ज्यास ठाऊक आहे तो शस्त्रक्रियेची निंदा करणार नाही.

तर मग प्रमाण वाढते कशाने? एक सोपे उत्तर नेहमी ऐकू येते : 'आताच्या मुली नाजूक; हाडे बारीक; कष्टाची सवय नाही.' हे उत्तर ज्यास द्यावयाचे असेल त्याने आमच्या नांदेड जिल्ह्याचा नकाशा एकदा डोळ्यांखालून घालावा. धर्माबादेहून बासरची सरस्वती हाकेच्या अंतरावर आहे. देगलूर-बिलोलीकडील लोकांच्या सोयरिकी तेलंगणात झालेल्या आहेत. लातूर जिल्ह्यातील उदगीर-देवणीच्या लोकांस बिदर परके नाही. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद संस्थानात व मग एकाच राज्यात होता. ज्वारी तीच, ऊन तेच, लग्ने आपसांत. परंतु २०१९-२१ च्या पाहणीत शस्त्रक्रियेचे प्रमाण महाराष्ट्रात शेकडा २५.४, कर्नाटकात ३१.५ आणि तेलंगणात ६०.७ आहे! दूर नागालँडात ते ५.२ आहे. मांजरा नदी ओलांडल्याबरोबर स्त्रियांच्या कमरेची हाडे आखडतात असे ज्यास म्हणावयाचे असेल त्याने खुशाल म्हणावे. आम्हांस असे दिसते की, नदीपलीकडे हाडे बदलत नाहीत, दवाखाने आणि रीतिरिवाज बदलतात.

दुसरी तुलना याहून बोलकी आहे. त्याच पाहणीत देशातील सरकारी दवाखान्यांत शंभरात १४.३, तर खाजगी दवाखान्यांत ४७.४ बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली आहेत. वस्तुतः अडलेली, रक्त कमी असलेली, झटके आलेली, दुसरीकडून पाठविलेली बाई शेवटी सरकारी दवाखान्यातच येते. तेव्हा सुरी तेथे अधिक चालावयास हवी होती. शिवाय जो वर्ग अधिक सधन व अधिक शिकलेला, त्यात हे प्रमाण अधिक. म्हणजे ही गोष्ट या मासिकाच्या वाचकांपासून दूर कोठे घडत नाही. ती आपल्याच लेकीसुनांच्या बाबतीत घडते आहे.

येथे 'डॉक्टर पैशासाठी करतात' असे म्हणून विषय संपविण्याचा मोह होतो. त्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. परंतु तेवढ्याने भागत नाही. लातूर हे वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीचे गाव. अकरावी-बारावीस आमच्या हाताखालून गेलेली कित्येक मुले आज डॉक्टर आहेत. त्यांपैकी एक विद्यार्थिनी व तिचा नवरा मिळून एका तालुक्याच्या गावी प्रसूतिगृह चालवितात. एकदा ती भेटावयास आली असता आम्ही हा विषय काढला. ती म्हणाली, 'सर, पहिलटकरणीच्या कळा बारा-पंधरा तास चालतात. ते तास कोणते, हे ती ठरवीत नाही, मीही ठरवीत नाही. माझ्याकडे रात्रपाळीला दुसरी डॉक्टर नाही, शिकलेली सुईण नाही. भूल देणारे डॉक्टर लातूरहून येतात. संध्याकाळी सहाला ते मोकळे असतात, रात्री दोनला येतील की नाही सांगता येत नाही. मग संध्याकाळी सहाला बाळाचे ठोके जरा कमीजास्त झाले, तर मी काय करावे?'

आम्ही म्हणालो, 'वाट पाहावी.'

ती हसली. 'सर, वाट पाहिली आणि सगळे ठीक झाले, तर कुणी आभार मानत नाही. वाट पाहिली आणि काही बिघडले, तर काचा फुटतात. सिझर केले आणि बिघडले, तर लोक म्हणतात, डॉक्टरांनी शर्थ केली. आणि वाट पाहण्याचे बिल कोणत्या नावाने करू, ते तुम्हीच सांगा.'

या बोलण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि ते निव्वळ सबब म्हणूनही सोडून देता येईना. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते, तिची वेळ ठरविता येते, तिचा आकार ठरलेला असतो. उलट पंधरा तास उशाशी बसून राहण्याच्या कौशल्यास आपल्या व्यवहारात किंमत नाही. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रास २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला, ही गोष्टही या हिशेबात धरली पाहिजे. ज्या समाजाला कळ सोसवत नाही तो आपल्या वैद्यालाही ती सोसू देत नाही.

आता घराकडे पाहू. आमच्या नात्यातील एका घरी गेल्या काही वर्षांत असा प्रसंग घडला की, सूनबाईच्या बाळंतपणाची तारीख व घटका गुरुजींनी काढून दिली. त्यांच्या कागदावर मिनिटेसुद्धा होती. मुलाला पुण्याहून रजा मिळण्याचा आठवडाही त्यातच साधला. घरातील एका वृद्ध आत्याबाई तेवढ्या कुरकुरल्या : 'पाचव्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहिणार, तिच्याआधी तुम्हीच लिहून ठेवले, तर ती बिचारी काय करील?' सगळे हसले. परंतु पूर्ण दिवस भरण्यापूर्वी, म्हणजे एकोणचाळीस आठवड्यांच्या आत, कळा नसताना मूल बाहेर काढले तर त्यास श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो, ही वैद्यकाने सिद्ध केलेली गोष्ट त्या कागदावर कोठे नव्हती. ग्रह पाहिले, फुप्फुसे पाहिली नाहीत.

मुहूर्त पाहणारी घरे सोडून दिली तरी भीती उरतेच. आईने आपल्या बाळंतपणाच्या कथा सांगून मुलीला घाबरविलेले असते. कळांनी मुलगी ओरडू लागली की दाराबाहेर उभे असलेले आईवडीलच डॉक्टरला म्हणतात, 'तिचे हाल बघवत नाहीत. मोकळी करा एकदाची.' वेदना कमी करण्याची इतर साधने आमच्याकडील लहान दवाखान्यांत सहसा नसतात. म्हणून भीतीवर सुरी हाच उपाय होऊन बसतो. त्यात सोनोग्राफीच्या कागदावरील दोन वाक्ये अशी आहेत की, त्यांपुढे कोणाचे चालत नाही : 'पाणी कमी झाले आहे' आणि 'नाळ गळ्याभोवती आहे'. पहिले कधीकधी खरोखर गंभीर असते. दुसरे चार-पाच बाळांमागे एकाच्या बाबतीत आढळते आणि बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. पण 'नाळेचा फास' हा शब्द ऐकल्यावर कोणता आजोबा वाद घालील? बाळाच्या ठोक्यांवर अखंड पाळत ठेवणाऱ्या यंत्राचीही तीच तऱ्हा. निरोगी गर्भिणीच्या बाबतीत त्याच्या सततच्या वापराने शस्त्रक्रिया वाढतात, अर्भकांचे मृत्यू मात्र कमी होत नाहीत, असे अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे. यंत्र खोटे बोलत नाही. पण ते सारखे बोलत राहते, आणि माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

हे सर्व झाले शहरातले. किनवट-माहूर हेही नांदेड जिल्ह्यातच आहे, आणि तेथून नांदेड सव्वाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथील गोंड, कोलाम, आंध वा बंजारा बाई डोंगरातील वस्तीवर अडली तर तिला सुरी हवी असते आणि ती मिळत नाही. इमारत असते, खाट असते. भूलतज्ज्ञ नसतो, किंवा रक्ताची पिशवी नसते. २०११ पासून सरकारी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया व तेथवरचा प्रवास सरकारी योजनेप्रमाणे फुकट आहे, पण फुकट असलेली वस्तू हजर असतेच असे नाही. मग एका दवाखान्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे करीत ती नांदेडास पोहोचते. २०२३ सालच्या ऑक्टोबराच्या आरंभी नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, आणि त्यांत १२ नवजात अर्भके होती, ही वार्ता साऱ्या देशाने वाचली. त्या दोषाचे वाटे घालण्याचे हे स्थळ नव्हे. अनेक जिल्ह्यांचा भार एकाच दारावर येऊन पडतो, आणि तो बहुधा शेवटच्या घटकेस पडतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे. एकाच जिल्ह्यात एकीस नको असता सुरी लागते व दुसरीस हवी असता लागत नाही. आणि सरासरी काढणारा मनुष्य या दोघींची बेरीज करून आकडा ठीक आहे म्हणतो.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी बाई आहे, आणि आम्हांस तिची चिंता सर्वांत अधिक वाटते. मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या बालाघाटाच्या पट्ट्यातून दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची. एक दिवस काम चुकले तर खाडा. अशा बाईचे पहिले बाळंतपण गावाजवळच्या दवाखान्यात टाके घालून झाले, तर पुढे काय? गर्भाशयावर एकदा व्रण पडला की पुढच्या कळांत तो उसवण्याचा धोका थोडा तरी राहतो. वार त्या व्रणावरच रुजण्याचा धोका प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक वाढतो. पुण्यातील बाईला हा धोका म्हणजे दवाखान्यातील आणखी दोन तपासण्या. पण हिचे दुसरे बाळंतपण कदाचित फडाजवळच्या कोपीत, मध्यरात्री, अनोळखी तालुक्यात ओढवणार. तेथे तो जुना व्रण काय करील हे पहिली चीर देताना कोणी पाहिलेले नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांची गर्भाशये काढल्याचे जे प्रकरण २०१९ साली उघडकीस आले, त्याने मराठवाड्यातील गरीब बाईच्या पोटावर सुरी किती सहज चालते हे सर्वांस दिसले. त्यातून आपण एवढे तरी शिकावे की, पोटावरील टाक्याचा हिशेब दवाखान्यातून घरी जाण्याच्या दिवशी संपत नाही. सधन बाईच्या अनावश्यक शस्त्रक्रियेची किंमत पैशात होते. कोयत्यावर जाणाऱ्या बाईच्या अनावश्यक शस्त्रक्रियेची किंमत पुढच्या खेपेस जीवाने द्यावी लागण्याचा संभव असतो.

उपाय काय, असे वाचक विचारतील. मोठे उपाय सरकारने करावयाचे आहेत. तालुक्यास भूलतज्ज्ञ व रक्त हवे. कळांच्या काळात बसून राहण्यास शिकलेल्या सुईणी हव्यात. आणि प्रत्येक दवाखान्याने आपल्याकडील शस्त्रक्रियांचे प्रमाण दर्शनी फलकावर लावावे. एक उपाय मात्र इतका लहान आहे की त्याकडे लक्ष जात नाही. प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या भरवशाचे कोणीतरी अखंड बसले, तर शस्त्रक्रियेची गरज कमी लागते. १७ देशांतील २६ प्रयोगांत, पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या बाबतीत, हे ताडून पाहण्यात आले असून, त्यांचा एकत्रित निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला : सोबत असेल तेथे शस्त्रक्रिया सुमारे पावपट कमी. त्याच वर्षी केंद्र सरकारने 'लक्ष्य' नावाची जी योजना काढली तीतही अशा सोबतिणीस खोलीत येऊ द्यावे असे सांगितले आहे. औषध नाही, यंत्र नाही. नुसते हात धरून बसणे.

नांदेडच्या गाडीपुऱ्यात आमच्या लहानपणी एक वृद्ध सुईण असे; सारी गल्ली तिला मावशी म्हणे. ती निरक्षर होती, आणि तिच्या हातून मुले दगावलीही होती, हे आम्ही लपवीत नाही. नाळ कापण्याचे तिचे पाते आठवले म्हणजे आजही अंगावर काटा येतो. परंतु तिच्या तोंडचे एक वाक्य आमच्या आईच्या नेहमी बोलण्यात येई : 'लेकरू त्याच्या वक्ताला येतंय बाई, घाई आपल्याला असतीय.' तिच्यापाशी ज्ञान नव्हते, बसण्याची तयारी होती. आज ज्ञान मुबलक आहे. बसावयाचे कोणी, एवढेच ठरावयाचे आहे.

तेव्हा आमची सूचना अगदी घरगुती आहे. डोहाळजेवणास फुलांचा पाळणा सजतो, छायाचित्रे निघतात, पन्नास पाने उठतात. त्याच आठवड्यात मुलीच्या आईने आणि नवऱ्यानेही डॉक्टरांकडे जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. तुमच्याकडे शंभरात किती बाळंतपणे शस्त्रक्रियेने होतात? रात्री कळा सुरू झाल्या तर येथे कोण असते? आणि आमच्यापैकी एकास तिच्याजवळ शेवटपर्यंत बसू द्याल काय? हे प्रश्न सातव्या महिन्यात विचारले तर ती चौकशी होते. मध्यरात्री दाराबाहेर विचारले तर ते भांडण होते. डॉक्टरांची उत्तरे ऐकल्यावर एक चौथा प्रश्न घरी येऊन आपापसांत विचारावा : पंधरा तास लागले, आणि त्यांतले बारा तास ती ओरडत राहिली, तर आपल्यापैकी कोण उठून 'मोकळी करा' म्हणणार नाही? ज्याचे नाव निघेल त्याने त्या दिवशी रजा काढावी आणि बाजूला बसावे.